‘इथं आमच्यातलं कोणी आहे का?’

घर दाखवायला नेलं की मी हॉलपासून कधी सुरुवात केली नाही. आधी स्वयंपाकघर. हॉलमध्ये माणूस पाहुण्यासारखा उभा राहतो, गॅलरीत जाऊन ‘हवा छान आहे’ म्हणतो. ओट्यासमोर आला की मात्र खरं बोलायला लागतो. कोणी ओटा हाताने दाबून पाहायचं, कारण त्यावर दगडी ग्राइंडर बसवायचा असायचा. कोणी विचारायचं, पापड वाळवायला गच्चीची किल्ली मिळेल का. कोणी आधी नवऱ्याकडे बघायचं आणि मग हळूच, ‘मासोळी बाजार इथून किती लांब?’ आडनाव मला करार करताना कळायचं. माणूस काय मागे ठेवून आला आहे, ते ओट्यासमोरच कळून चुकायचं.

नागपुरात घरं किरायानं लावून देण्याचं काम मी जवळजवळ तीस वर्षं केलं. बाईमाणसाला ‘दलाल’ म्हणायला लोकांना जड जायचं, म्हणून मी ‘घरवाली काकू’ झाले. हिंदी बोलणारे नवे लोक हे नाव ऐकून माझ्या यजमानांकडे बघून हसायचे. यजमानही हसायचे.

या धंद्यात मी ठरवून आले नाही. लग्न होऊन गोळीबार चौकाजवळ विणकराच्या घरात आले, तेव्हा घरात दोन माग चालू होते. मग एक राहिला, मग तोही थांबला. सासऱ्यांनी खोली रिकामी केली खरी, पण नंतर कितीतरी दिवस ते त्या खोलीत पाय टाकेनात. शेवटी सासूबाईंनी ती किरायानं द्यायला लावली आणि रेल्वेतल्या एका तमिळ माणसाचं बिऱ्हाड आलं. बायकोचं नाव कामाक्षी. आल्या आल्याच आमच्या शेजारणीने तिला दारातून विचारलं, “सांबार पाहिजे काय वं? ताजा आहे.” परक्या गावात कोणी सांबार विचारतं म्हटल्यावर कामाक्षी हरखून चांगलं मोठं पातेलं घेऊन धावली. शेजारणीने त्यात कोथिंबिरीची जुडी टाकली. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे तिला कोण सांगणार? ती पातेल्यात बघतच राहिली आणि सासरे दारातल्या ओट्यावर बसल्या जागी हसायला लागले. माग गेल्यानंतर ते पहिल्यांदा हसले होते.

कामाक्षीच्या नात्यातल्या दोघांना घरं हवी होती. ती मी शोधून दिली. त्यांच्या ओळखीने आणखी कोणी आलं. असं ते वाढत गेलं.

बाहेरच्यांना वाटतं, आमचं काम म्हणजे किल्ली घेऊन हिंडणं. किल्ली हा त्यातला सोपा भाग. अकरा महिन्यांचा करार, पोलिसातली नोंद, नळ किती वाजता येतो, गाडी कुठे लावायची, हे सगळं चार दिवसांत शिकता येतं. खरं काम असतं दोन भित्र्या माणसांना एकमेकांसमोर बसवण्याचं. नवा माणूस भितो, कारण त्याला इथलं कोणी ओळखत नाही. मालक भितो, कारण त्याला हा नवा माणूस माहीत नाही. मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला, “कोण लोकं आहेत वं ते?” मी म्हणायचे, “चांगले आहेत.” मग दुसरा प्रश्न, “चांगले म्हणजे कोण?” तिथून माझी मेहनत सुरू.

दर वेळी ती फळाला आली असं नाही. मणिपूरच्या दोन नर्स मुली होत्या, मोठ्या इस्पितळात नोकरी लागलेल्या. मी त्यांना घेऊन अर्धं शहर फिरले. घर पसंत पडायचं, मालक दार उघडून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा आणि खोली नुकतीच गेल्याचं सांगायचा. शेवटी त्या बंगलोरला निघून गेल्या. जाताना मोठी मला म्हणाली, “आंटी, वहाँ हमारे बहुत लोग हैं.” नागपूरबद्दल ती एकही वाईट शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

पण मला सांगायचं आहे ते सस्मिता आणि तिच्या सासूबाईंबद्दल. या कामातून मी अंग काढून घ्यायच्या थोडं आधीची ही गोष्ट.

सस्मिता आणि तिचा नवरा प्रशांत हे ओडिशातले, पण काही वर्षांपासून पुण्यात. प्रशांत विमानं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. कंपनीने त्याला दोन शहरं पुढे केली होती, नागपूर किंवा हैदराबाद. नवरा-बायको आधी नागपूर पाहायला आले आणि सोबत प्रशांतच्या आईला घेऊन आले. लहानशी, सडपातळ बाई. अंगावर हातमागाची लाल साडी. मी विणकराच्या घरातली, माझी नजर आधी काठावर गेली. मी काठाला बोट लावून मान डोलावली, तशी ती थोडी हसली. तेवढंच. मग पुन्हा गाडीच्या खिडकीबाहेर बघत बसली.

मी त्यांना मनीषनगरातला फ्लॅट दाखवला. लिफ्ट, चोवीस तास पाणी, खाली लहानशी बाग. प्रशांतला तो बघताक्षणी आवडला. सस्मिता ओट्यासमोर उभी राहिली आणि तिने मला हिंदीत विचारलं, “काकी, इथं आमच्यातलं कोणी आहे का?”

हा प्रश्न मी आयुष्यभर उलट्या बाजूने ऐकत आले होते. ‘बिल्डिंगमध्ये कोण कोण आहे’ हे लोक विचारायचे ते कोणाला तरी टाळण्यासाठी. ही शोधत होती.

मी म्हटलं, “ओडिया माणसं हवीत? काहून?”

तिने सासूबाई दुसऱ्या खोलीत असल्याची खात्री करून घेतली आणि सांगितलं. सासरे वारल्यावर आईंना गावाहून पुण्याला आणलं. हे दोघं दिवसभर नोकरीवर. आईंना ओडियाशिवाय दुसरी भाषा येत नाही. पुण्यात त्या हळूहळू बोलायच्याच थांबल्या. डॉक्टर झाले, औषधं झाली. आता त्यांनी ठरवलं होतं, पुरीला जाऊन एखाद्या आश्रमात राहायचं. “त्या रागावून म्हणत नाहीत, काकी,” सस्मिता म्हणाली, “शांतपणे म्हणतात. त्याचीच भीती वाटते. ज्या शहरात त्यांना बोलायला माणूस मिळेल, तिथं आम्ही राहू. नाही मिळालं, तर त्या जातील.”

मी डोक्यात सगळ्या वस्त्या फिरून आले. सिंधी हवे असते तर जरीपटका. बंगाली, तेलुगू, गुजराती, सगळ्यांचे पत्ते मला पाठ. ओडिया? आणि मग मला विकास आठवला.

विकास म्हणजे माझा नळवाला. मी लावून दिलेल्या निम्म्या घरांचे नळ, पंप, टाक्या त्याच्या हातचे. त्याचं खरं नाव बिकाश, गाव ओडिशातल्या केंद्रापाड्याकडचं. पोरवयात तो आपल्या मामासोबत नागपूरला आला आणि लोकांनी त्याचा विकास करून टाकला. मी फोन लावला. तो म्हणाला, “काकू, मी हुडकेश्वरले टाकी बसवून राहिलो. पाणी गळून राहिलं काय कुठं?”

“पाणी नाही गा. तुझ्या गावचं माणूस आलं आहे.”

तो अर्ध्या तासात स्कूटरवर हजर. प्रशांतच्या आईला त्याने वाकून नमस्कार केला आणि ओडियात काहीतरी म्हणाला. ‘माउसी’ एवढा शब्द मला कळला. तो तर आपल्या मावशीसारखाच. म्हातारीने आधी त्याच्याकडे, मग त्याच्या हातातल्या पान्याकडे पाहिलं. आणि ती जी बोलायला लागली! प्रशांत जिन्यात उभा होता. तो दुसरीकडे तोंड करून उभा राहिला, रुमाल शोधत.

विकासच्या गावाकडची बरीच माणसं नळाच्याच कामात. मानेवाड्याच्या पुढे एका गल्लीत ती खोल्या करून राहतात, काहींची बायका-मुलंही इथेच. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आम्ही सगळे तिथे गेलो. विकासच्या बायकोने पखाळ वाढलं, म्हणजे रात्री पाणी घालून ठेवलेला भात, सोबत कांदा, भाजलेलं वांगं. म्हातारी पाटावर बसून जेवली, हात धुतला आणि पुन्हा बोलायला लागली. मी विचारलं, “काय म्हणते रे?” विकास हसून म्हणाला, “काकू, ते म्हणते की आमची भाषा चुकीची आहे. आम्ही समुद्राकडचे, ते तिकडली, संबळपूरकडची. माझ्या बायकोले बोलणं शिकवून राहिली.”

म्हणजे माणसं अगदी आपली नव्हतीच. पण चूक काढण्याइतकी आपली होती. मला वाटतं, एवढं पुरतं.

घर त्या गल्लीजवळच पाहिजे, हे सस्मिताने तिथेच ठरवलं. प्रशांतच्या मनातून मनीषनगरची लिफ्ट जाईना, पण परत गाडीत बसताना आईने ‘एवढ्यात?’ असं विचारलं, आणि त्याने लिफ्टचा विषय सोडला. लगतच्या गल्लीत कोहळेबाईंचं घर होतं. वर त्या एकट्या राहायच्या, खालचा भाग किरायाचा. कोहळेबाई माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या. मुलगा परदेशात. त्यांच्या अटी मला तोंडपाठ होत्या.

“कोण लोकं आहेत वं, सुमन?”

“ओडिशाचे. नवरा-बायको आणि सासू.”

“नको वं बाई. आपल्या इकडचे पाह्य ना कोणी. बाहेरचे लोक मले नाही समजत. काय खातात, काय करतात. त्या मागच्या गल्लीत भरले आहेत म्हणतात कुठून कुठून आलेले.”

मी वाद घातला नाही. वाद घालून मिळवलेलं घर टिकत नाही. मी विचारलं, “बाई, तुमचा पंप कोण पाहते?”

“विकास. काहून?”

“माणूस कसा आहे?”

“सोनं! मागच्या उन्हाळ्यात मी आजारी होती तं माझं पाणी वर चढवून देऊन, दवाई आणून देऊन गेला. आपल्या भंडाऱ्याकडचा आहे ना तो.”

“तो ओडिशाचा आहे, बाई. त्याच गल्लीत राहते.”

कोहळेबाई म्हणाल्या, “त्याले विचारलं काहून नाही मी कधी?” हे त्या मला नाही, स्वतःलाच विचारत होत्या. मग पुढे म्हणाल्या, “पण सुकी मासोळी तळायची नाही म्हणा. वर वास येते.”

अशा रीतीने बिऱ्हाड लागलं. होळीच्या सुमारास सामान आलं. म्हातारी रोज सकाळी हळूहळू चालत विकासच्या गल्लीत जायची, दुपारी परत यायची. सुकी मासोळी तिथे खायची, हे कोहळेबाईंना ठाऊक होतं आणि त्यांनी कधी विचारलं नाही. दोघी येता-जाता एकमेकींना बघायच्या. कोहळेबाई वऱ्हाडीत बोलायच्या, ही ओडियात उत्तर द्यायची. कोणाचंच कोणाला कळायचं नाही, पण दोघी थांबायच्या मात्र.

मी समाधानाने किल्ली सोपवून मोकळी झाले होते. आणि जून महिन्यात सगळं बिनसलं.

नळवाल्यांच्या गावाकडे त्या दिवसांत मोठा सण असतो. पोरीबाळी झोके बांधतात, घरोघर गोडधोड होतं, आणि परगावी गेलेला माणूस घरी परततो. मागची गल्ली बघता बघता रिकामी झाली. विकासही बायको-मुलांना घेऊन निघाला. म्हातारीने आपली पेटी भरली आणि मुलाला सांगितलं, मी यांच्यासोबत जाते, माझ्या गावी. तिथून पुढचं पुढे बघू. पुढचं म्हणजे पुरी, हे सगळ्यांना कळलं.

सस्मिताचा मला फोन आला. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. “काकी, तुमचं काही चुकलं नाही. पण ही माणसं इथली नाहीतच ना. ती पण पाहुणीच आहेत.”

खरंच होतं ते. मी वस्त्या दाखवत आले, पण वस्तीतली माणसं मनाने कुठे राहतात, ते मी कधी कोणाला दाखवू शकले नाही.

म्हातारी गेली. प्रशांतने हैदराबादची जागा अजून मिळेल का म्हणून कंपनीत विचारलं. दिवाळीनंतर घर सोडू, असं त्यांनी कोहळेबाईंना सांगूनही टाकलं. रीतीप्रमाणे कोहळेबाईंनी मला नवा किरायेदार पाहायला सांगितलं. मी आणले. बँकेतलं एक कुटुंब आणलं, सगळे आपल्या इकडचे, नरखेडचे. कोहळेबाई म्हणाल्या, “मोठ्यानं बोलतात.” मग एक मास्तर आणले, अगदी हळू बोलणारे. “मनातलं काहीच सांगत नाहीत वं ते.” मग एक नवं लग्न झालेलं जोडपं. “त्यांच्यासोबत म्हातारं कोणीच नाही.”

हे ऐकलं आणि मी नवे किरायेदार दाखवणं बंद केलं. पुढे कधीही त्यांचा फोन आला की पहिलं वाक्य असायचं, “म्हातारीचा काही निरोप?”

गणपती उठल्यावर म्हातारी परत आली. कोणी बोलावलं नव्हतं. विकास आधीच कामावर परतला होता; त्याची बायको मागून येत होती, तिच्यासोबत वाटेत गाडीत बसली आणि आली. प्रशांतला स्टेशनवरून फोन गेला तेव्हा तो विमानतळाजवळ कामावर होता. तो पोचेपर्यंत म्हातारी ऑटोने घरीही आली होती आणि कोहळेबाईंच्या पायरीवर बसली होती. तिने गावाहून आणलेली पिशवी कोहळेबाईंच्या हाती दिली. कोहळेबाईंनी ती उघडून पाहिली आणि खुशीत ओरडल्या, “हे तं मुरमुरे होत!” तिकडे त्याला मुढी म्हणतात, एवढाच फरक.

ती का परतली, हे मला विकासने सांगितलं. गावातलं तिचं घर बंद होतं, तिच्या वयाच्या कितीतरी बाया आपापल्या मुलांकडे निघून गेल्या होत्या. ज्या उरल्या होत्या त्या रोज संध्याकाळी जमायच्या आणि विचारायच्या, नागपुरात काय आहे? “तं माउसी सांगायले लागली,” विकास म्हणाला, “आमच्या गल्लीचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं, कोहळे काकूचं सांगितलं. रोज सांगे. मग एक दिवस तिलेच वाटलं म्हणते, मी इथं बसून तिथलंच बोलून राहिली.”

पहिल्यांदा मुलाने शहर निवडलं होतं, सुनेने गल्ली. दुसऱ्यांदा तिने स्वतः निवडलं. आश्रमाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. हैदराबादचं प्रशांतने कंपनीला नको म्हणून कळवलं, आणि कोहळेबाईंनी मला कळवलं की घर रिकामं होत नाही, उगाच लोकांना घेऊन येत जाऊ नको.

त्या वर्षी मी काम जवळपास थांबवलं होतं. आता मुलं मोबाइलवर घर शोधतात, ओटासुद्धा फोटोतच बघतात. त्याचं मला वाईट वाटत नाही. पायांना बरंच वाटतं. तर मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सकाळीच कोहळेबाईंचा फोन आला. “सुमन, लवकर ये वं. अडकली मी.” एवढं बोलून ठेवूनही दिला.

घर लावून दिल्यावर मालकिणीचा सकाळी सकाळी फोन म्हणजे भांडण, हा माझा जन्माचा अनुभव. ऑटोने जाताना मी मनात सगळी सुकी मासोळी तळून घेतली.

फाटकापासूनच मला ते दिसलं. तांदळाच्या पिठाच्या ओल्या पांढऱ्या रेघा, वेली, आणि लक्ष्मीची लहान लहान पावलं. एक ओळ फाटकातून खालच्या दाराकडे गेली होती. तिथे म्हातारीने लाल साडी नेसून पूजा मांडली होती, मापट्यात विकासने रामटेककडून आणून दिलेलं नवं धान भरलं होतं. मार्गशीर्षातला गुरुवार तिच्याकडेही लक्ष्मीचाच, आपल्यासारखाच. आणि पावलांची दुसरी ओळ वळून जिन्याने वर गेली होती, एकेका पायरीवर एकेक पाऊल, थेट कोहळेबाईंच्या उंबरठ्यापर्यंत.

कोहळेबाई वर दारात उभ्या होत्या. उंबरठ्यावर पाऊल, समोर पाऊल, पायरीवर पाऊल.

“पाह्य ना वं हे!” त्या वरून ओरडल्या. “पहाटेच काढून ठेवलं. मले भाजीले जायचं होतं. आता लक्ष्मीवर पाय ठेवून जाऊ काय मी?”

“बाजूनं उतरा ना, बाई.”

“सगळे पाय आत येऊन राहिले, सुमन. मी एकटी बाहेर कशी जाऊ?”

खाली म्हातारीला भाषा कळत नव्हती, पण प्रकार कळला होता. ती पूजेसमोर बसून तोंडाला पदर लावून हसत होती. मग तिने मला हाताने खूण केली. जा, वर जा.

मी चपला फाटकाशी काढल्या, भिंतीला हात लावला आणि काठाकाठाने, पावलं चुकवत, जिना चढायला लागले. वरून कोहळेबाई म्हणाल्या, “ये हळूहळू. चहा ठेवते. आणि येतायेता तिलेही सांग, वर ये म्हणा.”